डावा डोळा

पावणे एमआयडीसीतल्या आपल्या गाळ्यात भाविकाने प्रवासात झोपण्यासाठी डोळ्यांवर बांधायचा मास्क बेतला होता. त्याला फोमच्या दोन खोल वाट्या होत्या. पापणीला कापड लागणारच नाही, असं ती सगळ्यांना छातीठोकपणे सांगायची.

जेवणाच्या सुट्टीत शिलाईवाल्या मालतीबाईंनी पहिला नमुना लावून बघितला आणि त्या हसायला लागल्या. "डावा डोला लवतंय गो माजा! बायकांचा डावा लवला का चांगला असतं."

मग पॅकिंगची पायल मास्क लावून बसली. "मॅडम, माझापण डावाच लवतोय!"

सगळ्या खिदळल्या. भाविकाला मात्र हसू आलं नाही. एकाच दुपारी दोघींचा? तिने मास्क घेतला आणि स्वतःच लावला.

आत मिट्ट काळोख होता. डाव्या पापणीला केसांसारखं काहीतरी हलकेच लागलं. थांबलं. पुन्हा लागलं.

"लवतंय ना गो बाय?" मालतीबाईंनी विचारलं.

भाविकाने मास्कखाली बोट सरकवून मिटलेल्या पापणीवर घट्ट धरलं. पापणी अजिबात हलत नव्हती.

आणि बोटाच्या पाठीवर, वाटीच्या आतल्या बाजूने, दुसरी पापणी लवली.