एवढंसं भोक
शाळेतून आईच्या कामावर, दीडशे वर्षं जुन्या नाट्यगृहात गेले, तर मचाणावर चढलेला वायरमन छतातल्या प्लास्टरच्या फुलाला कॅमेरा बसवायला ड्रिलने भोक पाडत होता. त्या फुलाच्या तुटलेल्या पाकळ्या आईने तीन आठवडे उताणं पडून पुन्हा घडवल्या होत्या. “अहो, पाकळी फुटली!” मी किंचाळले. “एवढंसं भोक गं! कॅमेऱ्याआड दिसणारसुद्धा नाही.” “मग तुमच्या ओठाला पाडते एक, मिशीआड दिसणारसुद्धा नाही!” तो खदाखदा हसला आणि माझं डोकं असं सटकलं की मी त्याची शिडीच काढून घेतली. त्याच्या आरडाओरड्याने आई धावत आली. ती सगळ्यांनाच साहेब म्हणणारी. वाटलं, मलाच झापणार! तिने खाली पडलेला तुकडा उचलला, बादलीत प्लास्टर कालवलं आणि बादली मचाणाच्या दोराला बांधली. “ओढा वर, साहेब. पाकळी घडवा, मगच उतरा. माल दहा मिनिटांत घट्ट होतो.”