शिट्टी वाजली की

भिंगरी चौथ्या पट्टीत वाकून उभी राहिली आणि खेळाच्या बाईंनी टाळी वाजवायला हात वर केले. तीन महिने त्या या टाळीवरच तिला पळवत होत्या. नाल्यापलीकडच्या वस्तीतली बारा वर्षांची पोर; घरात पाय ठरत नाही म्हणून नावच भिंगरी पडलेलं. आज पहिली येणारीला क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती, आणि पहिलं कोण येणार हे बाकीच्या मुलींनाही ठाऊक होतं.

"थांबा बाई, ही शर्यत मी सुरू करतो," पोलीस ठाण्याचे नवे साहेब म्हणाले. पोलिसांचा मैत्री सप्ताह चालू होता, म्हणजे मैत्री सात दिवसांची. पण साहेब मनाने चांगले. सकाळपासून वस्तीतल्या पोरांशी हात मिळवून मिळवून त्यांचा खांदा दुखायला लागला होता. त्यांनी खिशातून शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

सात मुली सुटल्या.

भिंगरी ताठ झाली. दोन्ही हात पुढे, पंजे उघडे, नजर जमिनीवर.

"पळ गं!" बाई ओरडल्या. "अगं बये, पळ ना!"

ती हलली नाही. नाल्यापलीकडे पोर चालायला लागलं की आधी हेच शिकवतात. तिथली माणसं रंगावरून लांबूनच ओळखू येतात, आणि रस्त्यात पोलिसाची शिट्टी वाजते ती त्यांच्यासाठीच. बाकीचे आपल्या वाटेने जातात.

बाईंनी मैदानाच्या कडेला पाहिलं, तिच्या बापाला हाक मारायला. बाप गवंडी, अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेला. दोरीमागे तोही तसाच उभा होता. त्याच्या शेजारी आत्या, तिच्या शेजारी वस्तीतले म्हातारे. अख्खी रांग पंजे उघडून उभी. आत्याच्या हातातून सुटलेली पाण्याची बाटली पायाशी सांडत होती, आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही. तिकडे शेवटची मुलगीसुद्धा रेषा ओलांडून गेली होती. हातातोंडाशी आलेला घास गेला.

साहेब भिंगरीजवळ येऊन गुडघ्यावर बसले. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"चूक माझी, बाळा. आपण शर्यत पुन्हा घेऊ. आता घाबरायचं नाही हं. शिट्टी वाजली की सुसाट सुटायचं. म्हण बघू, शिट्टी वाजली की?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. तिला पळायचं होतं. तिच्या पायांची बोटं मातीत रुतली होती.

बाप दोरीखालून वाकून आला. हात अजून तसेच पुढे धरलेले.

"साहेब, पाया पडतो," तो म्हणाला. "शर्यत गेली तर जाऊ द्या. पण हे तिला शिकवू नका. माझा धाकटा भाऊ पळाला होता."