हद्दीबाहेरचं घर

जमिनीच्या दलालाचा खाक्या ठरलेला होता. शहराच्या हद्दीबाहेर स्वस्तात घर घ्यायचं. हद्द वाढली, नळ आला, भाव चढला, की ते विकून पुन्हा हद्दीबाहेर. बायकोचा जन्म विहिरीवरून हंडे वाहण्यात गेला. दर वेळी नळाला धार लागायची आणि हिची सामानाची बांधाबांध सुरू व्हायची.

या वेळी शहरात सामील व्हायचं की नाही, हे गाव मतदानानं ठरवणार होतं.

"आता तुझे हंडे सुटले बघ!" दलाल खुशीत म्हणाला.

ठराव एका मतानं पडला.

"कोण तो घरभेदी?" घरी येऊन तो कडाडला.



"जरा सरका," अंगणात खणलेल्या खड्ड्यात लिंबाचं रोप ठेवत बायको म्हणाली, "निदान या झाडाची लिंबं तरी आपण खाऊ."