बादलीतला दिवा

"कंदील वाऱ्यानं विझतो, बल्बची तार हादऱ्यानं तुटती. होडीला दगा न देनारा दिवा पायजे," सुगंधाबाई म्हणाली. मीच जोडलेले लाल एलईडीचे तीन दिवे पुढे ठेवले. अठ्ठ्याण्णव साली शेवगावात असले दिवे माझ्या रेडिओच्या दुकानातच मिळायचे. तिनं बादलीभर पाणी मागितलं. पहिला दिवा पेटता आत सोडला. विझला. दुसराही विझला. माझं डोकं तापलं. "बाई, होडीचा दिवा काठीवर असतो, पाण्यात नाही." तिनं तिसरा दिवाही सोडला. त्याला मी चहूबाजूंनी मेण ओतलं होतं. तो तळाला गेला. ती वाकून बघत राहिली, मीही श्वास रोखून. उजेड तसाच राहिला. "ह्योच द्या. उद्यापासून पोरगा धरणात होडी घालतोय." मी विचारलं, "पण पाण्याखालचा दिवा कोण बघणार?" "मी," ती म्हणाली. "त्याचा बाप बुडाला, तवा शोदायचं कुटं तेच कळंना."