हात फिरला की झालं

"घासायला सोपा द्या. सगळ्यात सोपा," रंगारी काउंटरवर रिकामा डबा आपटत म्हणाला.

"नेहमीचा कडक प्राइमर नको?" दुकानदाराने विचारलं. "तुमचे वडील जन्मभर तोच न्यायचे."

"घासायला वडील येणार आहेत का?"

दुकानदाराने दुसरा डबा काढला. "हा तासाभरात वाळतो. हलक्या हाताने घासलात तरी पिठासारखा झडतो."

रंगाऱ्याचं कोपर चार दिवस ठणकत होतं. दवाखान्याच्या नव्या इमारतीतली सगळी दारं रंगवायची होती, आणि नमुन्याचं एक दार पसंत पडलं तरच ते काम मिळणार होतं. आज अकराला ठेकेदार यायचा होता. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "मला रंगातलं काही कळत नाही. म्हातारबांचा हात फिरला, ते हो म्हणाले, की झालं."

आणि म्हातारबा, म्हणजे रंगाऱ्याचे वडील, काही हो म्हणत नव्हते. तीनदा दार घासून झालं आणि तीनदा एकच निकाल मिळाला, "खडबडीत आहे. पुन्हा."

डोळे जाऊन दोन वर्षं झाली, पण तोरा तसाच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, ते काही उगाच नाही.

रंगारी घरी आला तेव्हा म्हातारा नमुन्याच्या दाराशेजारी स्टुलावर बसला होता. सदऱ्याची बटणं उघडीच होती. अंगठ्याला चटक्याची पट्टी होती. कुठे भाजलं, असं विचारलं की तो खेकसायचा, म्हणून आता कोणी विचारत नव्हतं.

डबा उघडताच त्याने वासावरूनच नाक मुरडलं. "कामचुकारांचा प्राइमर आणलास."

"तुमच्या कडक प्राइमरने माझा हात मोडला, बाबा."

"माझा नाही मोडला चाळीस वर्षांत."

सून चहा घेऊन आली. "बाबा, उकळता आहे, जरा थांबा."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?" म्हाताऱ्याने स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत घट्ट धरला आणि तसाच धरून बसला. सुनेने नवऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

रंगाऱ्याने प्राइमर लावला, वाळू दिला, घासला. खरंच पिठासारखा झडला. केस, भुवया, सगळं पांढरं झालं. त्याने गाल टेकून दार तपासलं. कुठे कणसुद्धा लागला नाही.

"बघा आता."

म्हातारा उठला. पूर्वी त्याची बोटं लाकडावरून नुसती तरंगत जायची. हल्ली तो तळवा दाबून फिरवायचा, जणू दाराशीच त्याचं भांडण होतं. वरपासून खालपर्यंत हात गेला. थोडा थांबला.

"खडबडीत आहे. पुन्हा."

रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुठे? दाखवा ना कुठे ते!"

"सगळीकडे. मी सांगतोय ना!"

"मुद्दाम करताय तुम्ही. माझं बरं झालेलं बघवत नाही तुम्हाला."

"तोंड चालवू नकोस, हात चालव," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा बसला.

रंगाऱ्याला बापाचा इतका राग कधीच आला नव्हता. खडबडीत काय असतं, हे आज याला कळू दे. एकदा बोंबलला की विचारू, मग आधीचं दार काय होतं? त्याने कोऱ्या पॉलिश पेपरचा मोठा ताव काढला, साठ नंबरचा, जुना गंज उतरवायचा, बोचऱ्या खरखरीत कणांचा. पाच मिनिटं नुसताच घासल्याचा आवाज केला. मग तो ताव दारावर अंथरला आणि कडा चिकटपट्टीने बसवल्या.

बाहेर ठेकेदाराच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आला वाटतं," म्हातारा पुटपुटला आणि घाईने उठला. "झालं का रे?"

"झालं. फिरवा हात," रंगारी दात आवळून म्हणाला आणि बाप हात कधी झटकतो त्याची वाट बघत उभा राहिला.

म्हाताऱ्याने तळवा टेकवला आणि दाबून, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. तावावर मागोमाग एक लाल पट्टा उमटत गेला.

"हां," तो समाधानाने म्हणाला, "आता कसं काचेसारखं झालंय."