तीन ते चार

आजारी मुलासाठी मंडळीने साखळी प्रार्थना ठेवली होती. चर्चच्या दारावरच्या कागदावर प्रत्येकाचा रोजचा एकेक तास लिहिला होता. प्रार्थना झाली की नावापुढे खूण करायची. शिवणकाम करणाऱ्या मावशींचा तास दुपारी तीन ते चार. त्यांनी रविवारीच आठवडाभराच्या खुणा करून टाकल्या. “करणारच आहे की! रोज कोण हेलपाटे घालणार?” गुरुवारी तीनला गिऱ्हाईक आलं, गप्पा रंगल्या आणि तास कधी सरला ते कळलंच नाही. शुक्रवारी मुलाला मूठमाती दिली. परतताना त्याची आई कागदापाशी थांबली, मावशींच्या कालच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, “चार रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, ताई. काल तीन वाजले, म्हटलं, आता तुम्ही प्रार्थनेत जाग्या आहात. मग मी जरा आडवी झाले. उठले, तर तो गेलेला.” मावशींनी तिचे डोळे पुसले. “देवाची मर्जी.”