भिंतींपुढचा तास

"वृषाली, तुझ्या प्रबंधातलं निम्मं प्रकरण उचललेलं निघालंय," मार्गदर्शक हेबळे सरांनी सॉफ्टवेअरचा अहवाल तिच्यापुढे सरकवला.

वृषालीने अहवाल जवळ ओढला. ग्रंथालयशास्त्राच्या वर्गाला वाङ्मयचौर्य कसं ओळखावं, ते तीच शिकवायची. फेलोशिपच्या अटीतच शिकवणं होतं, आणि ती रोज कुरकुरायची, "सर, भिंतींपुढे बोलते मी. एक पोर ऐकत असेल तर शपथ."

"कोणाचं उचललं मी?" तिचा आवाज रडवेला झाला.

"तुझ्याच वर्गाचं. तू अजून न तपासलेल्या गृहपाठांतलं."

तिने वाचायला घेतलं. वेगळी तयारी नको म्हणून ती तासाला आपलं प्रकरणच शिकवायची. पोरांनी ते शब्दन् शब्द उतरवून घेतलं होतं आणि गृहपाठ म्हणून विद्यापीठाच्या संगणकावर तिच्याआधी चढवलं होतं. तिचं मधूनमधून येणारं 'म्हणजे बघा हं'सुद्धा कोणी गाळलं नव्हतं.

"समितीला मी समजावतो," सर म्हणाले. "तू फक्त ती भिंतींची तक्रार मागे घे."

वृषालीने डोळे पुसले. "घेते, सर. पण हा अहवाल मी ठेवून घेऊ? घरी दाखवायचाय."